पावत्यांना इस्त्री

लाँड्रीत आलेल्या कपड्यांचे खिसे उलटे करायचं काम कडकताई कुणावर सोपवत नसे. नवऱ्यावर एकदा सोपवलं होतं, तर त्याने शाईच्या पेनासकट कोट मशीनमध्ये ढकलला आणि हॉटेलच्या सगळ्या पांढऱ्या चादरी निळ्या करून ठेवल्या. तेव्हापासून वाटणी झाली. पुढची खोली, खिसे आणि इस्त्री तिची. मागची खोली, मशीन आणि ओल त्याची.

आणि खिशांतून काय काय निघायचं, बाई बाई! चघळून कागदात गुंडाळलेला च्युइंगम. दात कोरून परत जपून ठेवलेल्या काड्या. शेंबूड वाळून खळ घातल्यासारखे ताठ झालेले रुमाल. अर्धी चोखलेली गोळी आणि तिला चिकटलेला केसांचा गुंता. हे सगळं ती लाकडी चिमट्याने उचलायची, चिमटा नसला तर दोन बोटांच्या टोकांनी, कडेकडेने, मान मागे घेऊन. "आईबापांनी काही वळण लावलं की नाही रे तुला?" असं ती शर्टाला विचारायची. शर्टाचा मालक समोर उभा असला तरी शर्टालाच विचारायची. त्यामुळे भांडण होत नसे आणि बोलायचं ते बोलूनही व्हायचं.

कडकताई हे नाव तिने घातलेल्या खळीमुळे पडलं की तिच्या तोंडामुळे, यावर गिऱ्हाइकांत एकमत नव्हतं. समोर सगळे नुसतं 'ताई' म्हणत. माघारी काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणायचं?

पण एक होतं. खिशातून निघालेलं काहीही, किल्ली असो, नाणं असो की फाटकं तिकीट, तिने कधी टाकलं नाही की ठेवून घेतलं नाही. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात सगळं जमा व्हायचं. प्रत्येकाला कुणाचं ते लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. काउंटरमागच्या भिंतीवर तिने पाटीच लावली होती: 'खिशात सापडलेली वस्तू परत मिळेल. मागायला लाजू नये.' लोक विसरायचे, मागायचे नाहीत, आणि डबा भरत जायचा. त्यात जास्त करून पावत्याच. पेट्रोलच्या, जेवणाच्या, चपलांच्या, औषधांच्या.

दुसरी गोष्ट बिलाची. एकदा हॉटेलचा मॅनेजर काउंटरवर ओणवा होऊन हळूच म्हणाला होता, "ताई, चादरींचा आकडा जरा वाढवून लिहा ना. मालक कुठे मोजायला बसलाय? वरचं आपण वाटून घेऊ." तिला त्याच्या तोंडाचा वास आला आणि बोलण्याचाही आला. "जेवढे झाले तेवढेच लिहीन," ती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी दात घासून या." हे गावभर झालं. तेव्हापासून बिल घेताना गिऱ्हाइकं चेष्टेने म्हणायची, "काय ताई, जेवढे झाले तेवढेच ना?" ती वरवर चिडायची.

ज्याच्या खिशांची तिला किळस येत नसे असा माणूस एकच. औषध कंपनीचा फिरता विक्रेता. त्याला ती औषधवाला म्हणायची. दर आठवड्याला त्याचे शर्ट यायचे आणि खिशात फक्त पावत्या, नीट घडी घातलेल्या. "जपून ठेवा हां ताई," तो म्हणायचा, "आमच्याकडे पावती नाही तर पैसा नाही. पेट्रोल माझ्या पदरचं जळतं, आणि कंपनीला कागद दाखवला तरच परत मिळतं." एकदा पेट्रोलची पावती मशीनमधून वाचवून तिने त्याच्या हातात ठेवली, तर त्या माणसाने हात जोडले. एवढ्याशा कागदासाठी हात काय जोडायचे, असं ती म्हणाली, पण तो दिवस तिचा बरा गेला.

आणि मग टॅक्स ऑफिसची नोटीस आली.

नवरा ओल्या हातांनी ती घेऊन पुढच्या खोलीत आला, त्यामुळे वाचेपर्यंत तिचे कोपरे गळले. तिने ती टेबलावर पसरून वाचली, दोनदा वाचली, आणि शेवटी नाइलाज म्हणून दिराला बोलावलं. हा दीर म्हणजे लहानसहान दुकानदारांची हिशेबाची कामं करणारा उंटावरचा शहाणा. भाऊजींची एक सवय तिला लग्न झाल्यापासून सहन होत नव्हती. प्रत्येक कागद उलटताना ते अंगठा जिभेला लावायचे. नोटाच मोजायच्या असल्यासारखा चांगला चपचपीत लावायचे. नोटीस एका पानाची होती, तरी लावला.

"वहिनी, सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "तुम्ही धंद्यात जो खर्च दाखवलाय, त्याचा पुरावा मागतायत. साबण, दुरुस्ती, गाडी, सगळ्याची पावती."

"खर्च तर केलाय. साबणाशिवाय का कपडे धुतले आम्ही?"

"खर्च केला याला काही अर्थ नसतो. केल्याचा कागद लागतो. कागद नाही तर खर्च झालाच नाही. मग आलं ते सगळं नफा, त्यावर कर आणि वर दंड."

"आणि तो कुठून भरायचा?" नवऱ्याने विचारलं.

भाऊजींनी मागच्या खोलीकडे मान वळवली. तिथे मोठं मशीन धडधडत होतं. कर्जाचे हप्ते फेडून आत्ता कुठे ते त्यांचं झालं होतं. ते गेलं तर हॉटेलचं काम गेलं, आणि हॉटेलचं काम गेलं तर चार शर्टांच्या इस्त्रीवर दुकानाचं भाडंसुद्धा सुटलं नसतं.

नवरा मात्र एकदम खुलला. "अगं, पण पावत्या आहेत! मी एक टाकलेली नाही." आणि तो आत जाऊन त्या घेऊन आला.

काय सांगायचं! तारेचा एक हँगर सरळ करून त्याने त्यात सगळ्या पावत्या टोचून ठेवल्या होत्या, मशीनच्या मागे, भिंतीला. साबणाच्या ठोक दुकानदाराच्या, मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या, गाडीच्या. साबणाचं पाणी उडून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यावर कपड्यांचा भुगा बसून केसाळ थर झाला होता. एका पावतीला त्याने ग्रीसचा हात पुसला होता. मध्ये कुठेतरी झुरळाने अंडी घातली होती. कडकताईने पदर नाकाला लावला.

"हे घेऊन मी साहेबापुढे जाऊ?"

"वाचता येतंय ना," नवरा म्हणाला. "मग झालं."

"वाचता येतं म्हणजे झालं? उद्या मळके कपडे घालून फिरा, अंग झाकलंय ना, झालं!"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, असू द्या, आहे तसंच नेऊ." पण ऐकेल ती कडकताई कसली. एवढी वर्षं लोकांची घाण काढून त्यांना कडक करून परत पाठवणाऱ्या बाईने स्वतःची घाण कचेरीत मिरवायची? साहेब काय म्हणेल, लाँड्रीवाले आहेत की उकिरडेवाले? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तिने कामाला हात घातला. चिमट्याने एकेक पावती सोडवली. ब्रशने भुगा झटकला. ओल्या फडक्याने टिपलं. अंडी खरवडताना तिला दोनदा उमळून आलं. मग हॉटेलच्या दोन स्वच्छ चादरी काढल्या, एकीवर सगळ्या पावत्या ओळीने मांडल्या, वरून दुसरी घातली, आणि चादरींचा मोठा प्रेस पुरता तापू दिला. एकेकीवर इस्त्री कोण फिरवत बसणार? झाकण ओढलं, अंगाचा भार टाकला आणि वाफ सोडली. सुरकुती काढायची ही पद्धत तिला कधी दगा देत नव्हती.

चादर उचलली तेव्हा पावत्या अगदी सपाट झाल्या होत्या. आणि काळ्या.

करपल्या म्हणावं तर वास नव्हता. नुसत्या काळ्या, इकडून तिकडे, दगडी पाटीसारख्या. तिने एक उलटून पाहिली. मागून पांढरी, पुढून काळी, आणि अक्षर म्हणून एक नाही. विजेची बिलं आणि हाताने लिहिलेल्या दोन-चार पावत्या तेवढ्या वाचल्या होत्या. बाकी सगळा अंधार. ती तिथेच स्टुलावर बसली.

भाऊजींनी एक पावती उचलली, अंगठा जिभेला लावला, मग लक्षात आलं आणि पुसला. "वहिनी, या मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या. यांत शाई नसतेच. मशीन कागदाला चटका देतं, तेवढं काळं पडतं, तेच अक्षर. तुम्ही सगळ्या कागदालाच चटका दिलात."

"मला काय माहीत?" ती ओरडली. "तुम्ही काल का नाही बोललात?"

"पावत्यांना कुणी इस्त्री करेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं हो!"

नवरा त्या काळ्या पावत्या गोळा करून परत तारेत ओवू लागला, आणि तेच तिला जास्त लागलं. त्याने त्याच्या गबाळ्या पद्धतीने सगळं सांभाळलं होतं. तिने स्वच्छ करून घालवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साबणाच्या ठोक दुकानात ती स्वतः गेली. पावत्यांची नक्कल मागितली. दुकानदार पोट खाजवत म्हणाला, "जुनं काही निघत नाही हो मशीनमधून. पण असं तोंड पाडू नका. कोरं बिलबुक देतो, आकडे तुम्हीच टाका. मला थोडं द्या म्हणजे झालं." त्याने खणातून पुस्तक काढलंसुद्धा. तेलकट, वापरून वापरून मळलेलं. त्यातली अर्धी पानं आधीच कुणी कुणी नेलेली होती. म्हणजे ही दुकानदारी रोजचीच! "तुमचा साबण घेऊन मी लोकांचे कपडे धुते," ती म्हणाली, "तुम्हीही कधी वापरून बघा." आणि पायऱ्या उतरली. रस्त्यात थुंकावंसं वाटलं, पण ती रस्त्यात थुंकणाऱ्यांतली नव्हती.

कचेरीत जायचा दिवस उजाडला आणि भाऊजी सकाळीच दुकानात येऊन बसले. काउंटरखालच्या डब्यावर त्यांची नजर गेली. झाकण उघडलं.

"वहिनी! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"हात लावू नका. लोकांचं आहे ते."

"कुठल्या लोकांचं? घ्यायला आलं का कुणी? हे बघा, पेट्रोल. तुमच्याकडे गाडी आहे की नाही? हे जेवण. हॉटेलवाल्यांशी बोलणी करायला जेवायला नेलं म्हणायचं. यावर नाव नसतं, वहिनी. पावती ज्याच्या हातात, खर्च त्याचा."

"शी! दुसऱ्याचे उष्टे कागद?"

"खोटं कुठे आहे यात? तुमचा खर्च झालाच होता ना? कागद गेला, त्या जागी कागद ठेवायचा. साबणाऐवजी पेट्रोल, एवढंच." थुंकी लावलेला अंगठा भराभर फिरत होता. टाचलेल्या चिठ्ठ्या ते नखाने सोडवून खाली टाकत होते. "आणि ही तर लॉटरीच! गाडीचे चारही टायर. हाताने लिहिलेलं पक्कं बिल, नावाची जागा कोरी. एवढ्या एकीनेच वजन येईल."

तिने ती पावती लांबूनच ओळखली. नीट घडी घातलेली. "ती औषधवाल्याची आहे. तो येईल."

"किती दिवस झाले? हवी असती तर आला नसता?"

खरंच तो बरेच दिवस फिरकला नव्हता. त्याचे शर्ट इस्त्री करून रॅकवर पडून होते. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा होता, हात मशीनच्या पत्र्यावर. या घरात तिचा कडकपणा सांभाळून घेत तो कधी मोठ्याने बोलला नव्हता. आताही हळूच म्हणाला, "हे गेलं तर मी काय करू गं?"

तिने भाऊजींच्या हातातून पेन घेतलं आणि टायरच्या बिलावर कोऱ्या जागी आपल्या लाँड्रीचं नाव लिहिलं. निदान त्या थुंकीच्या अंगठ्याने तरी ते लिहिलं जायला नको होतं. मग तिने हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. किळस जाईना. ती कागदाची नव्हतीच, जाईल कशी?

कचेरीतला साहेब पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. कोरून टोपण निरखायचा आणि परत पेनाला लावायचा. भाऊजींनी गठ्ठा पुढे केला. कडकताईचा जीव टांगणीला लागला. साहेब आता विचारेल, लाँड्रीला टायर कशाला? लाँड्रीने एवढं जेवण कुणाला घातलं? तिने उत्तरं पाठ केली होती, आणि पाठ केलेल्या उत्तरांची तिला शिसारी येत होती.

साहेबाने गठ्ठा चिमटीत धरून जाडी पाहिली. वरची दोन-तीन पानं पडताळल्यासारखी केली. टायरच्या बिलावर क्षणभर बोट ठेवलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

बस्स. वाचलंसुद्धा नाही त्या मेल्याने! त्या काळ्या पावत्या दिल्या असत्या तरी कदाचित चाललं असतं. रद्दी दिली असती तरी चाललं असतं. जिन्यावरून उतरताना भाऊजी खुशीत होते. "बघा वहिनी, सुंठीवाचून खोकला गेला. आता माझे दोन कोट तेवढे करून द्या." तिला त्यांना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं. पण कोट तिने करून दिले. न देऊन सांगते कुणाला?

मशीन राहिलं. हॉटेलचं काम राहिलं. नवरा दोन दिवस शीळ घालत चादरी पिळत होता. तिने उरलेल्या किल्ल्या आणि नाणी खणात काढली, आणि डबा घासून, उन्हात वाळवून परत काउंटरखाली ठेवला. पाटीकडे मात्र तिने बघणं सोडलं.

आणि आठवडाभराने औषधवाला आला.

"काय ताई, विसरलात का? कंपनीने दुसऱ्या भागात पाठवलं होतं, आत्ता सुटलो." चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. तिने रॅकवरचे शर्ट काढले. "ताई, निळ्या शर्टात एक पावती होती का? टायरची. गाडी वाटेत बसली, चारही बदलावे लागले. बायकोने साठवलेल्यातले दिले मी. उद्यापर्यंत कागद दाखवला नाही तर कंपनी हात वर करणार."

इस्त्री गरम होती. ती कुणाचीतरी कॉलर दाबत होती, ती दाबतच राहिली.

"नाही," ती म्हणाली. "निळ्या शर्टात काही नव्हतं."

"डब्यात एकदा बघता का?"

तिने डबा काढला, झाकण उघडलं, आणि त्याच्यापुढे धरला. लख्ख, रिकामा. त्याने आत वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"मग माझ्याकडूनच पडली कुठेतरी. तुमच्याकडे आली असती तर मिळालीच असती. दुसरी लाँड्री असती ना ताई, तर मी भांडलो असतो. इथे काय भांडणार?" तो हसायचा प्रयत्न करत होता. "टायरवाला तिकडे आडरस्त्याला. त्याचं नाव पण आठवत नाही. जाऊ दे. बायकोला काय सांगायचं तेवढं बघतो."

सांगून टाक, सांगून टाक, असं तिला आतून कुणीतरी ढोसत होतं. पण सांगायचं काय? तुझा कागद माझ्या नावाने कचेरीत पडलाय? मागे मशीन धडधडत होतं आणि नवऱ्याची शीळ ऐकू येत होती. तिने कॉलर उलटून परत दाबली.

त्याने शर्टांचे पैसे काउंटरवर ठेवले. "धुलाईची पावती तेवढी द्या. एवढे तरी मिळतील."

तिने बिलबुक ओढलं. पान सुटेना, तेव्हा अंगठा जिभेला लावला आणि उलटलं. पेन उघडलं. मान खाली घालूनच विचारलं, "किती टाकू?"

"किती म्हणजे?"

"आकडा. कंपनीच देणार ना? मोठा टाकते. टायरचे निघतील एवढा. दर आठवड्याला थोडा थोडा टाकू, कुणी बघत नाही."

तो आधी हसला. ताई चेष्टा करतायत असं वाटून तोंडभर हसला. मग तिने मान वर केली आणि त्याने तिचा चेहरा पाहिला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग पुसलेल्या डब्याकडे पाहिलं, आणि परत तिच्याकडे.

"जेवढे झाले तेवढेच लिहा ना, ताई," तो म्हणाला.

तिने जेवढे झाले तेवढेच लिहिले आणि पावती फाडून पुढे केली. त्याने ती नेहमीसारखी घडी घालून खिशात टाकली नाही. दोन बोटांच्या टोकांनी, कडेने धरली, आणि तशीच धरून तो पायऱ्या उतरला.